केंड मासा : ओठांना मुंग्या आल्या तर

केंड कोकणातल्या कोळ्याला ओळखू येतो. मला काळजी वाटते ती सोललेला मासा घेणाऱ्यांची. फुगणारे पोट, खवले नाहीत, चार दातांची पोपटासारखी चोच. पण डोके-कातडी काढल्यावर ओळखणार कसे? असा अनोळखी मासा घेऊच नये, हे माझे स्पष्ट मत. त्याच्या यकृतातले, गाभोळीतले टेट्रोडोटॉक्सिन शिजवूनही जात नाही. जपानात हा मासा परवानाधारक आचारी करतात, तरी १९७५ मध्ये बांदो मित्सुगोरो हा नामवंत काबुकी नट त्याचे यकृत खाऊन दगावला.

या विषावर उतारा नाही. ओठांना मुंग्या येताच रुग्णालय गाठा. मीठपाणी पाजत बसू नका. कृत्रिम श्वासावर रोगी वाचू शकतो. तो निपचित दिसला तरी त्याच्या उशाशी रडारड करू नका, बहुधा त्याला सारे ऐकू येत असते.