देशद्रोही पाटलोण

लढाई जिंकायची तर आधी पोरांच्या पाटलोणी उतरवा, हा रणनीतीतला मौलिक सिद्धान्त चाणक्यालाही सुचला नव्हता. तो सुचला अमेरिकी खलाशांना, जून १९४३ मध्ये, लॉस एंजेलिसला.

शत्रू कोण? मिसरूड फुटलेली मेक्सिकन-अमेरिकन पोरं. त्यांचं शस्त्र? झूट सूट. पार बरगड्यांपर्यंत चढवलेली, गुडघ्याशी घेरदार आणि घोट्याशी आवळलेली पाटलोण, मांड्यांवर लोंबणारा कोट, खांद्यांत गच्च भरलेलं पॅड, शिवाय गुडघ्याखाली झुलणारी साखळी. दिसायला जरा विनोदी, कबूल. पण त्या वयात विनोदी दिसणं हा जन्मसिद्ध हक्क आहे, आणि तो सगळ्यांनीच बजावलेला असतो. जुने अल्बम काढा!

तर १९४२ पासून सरकारने दुसऱ्या महायुद्धापायी कापडावर निर्बंध घातलेले. एवढं कापड अंगावर मिरवायचं म्हणजे राष्ट्रद्रोहच की! मग देशभक्तांनी काय करावं? ट्रॅममधून, थिएटरातून पोरं ओढून काढली, बडवली, भर रस्त्यात नागवी केली, सूट टराटरा फाडले. कापडाची बचत म्हणतात ती हीच. आणि या काटकसरी वीरांच्या स्वतःच्या अंगात काय? नौदलाची बेलबॉटम! घेर गुडघ्याशी असला की देशद्रोह, पावलाशी असला की देशसेवा.

पोलीस आले. त्यांनी पकडलं कुणाला? ज्यांच्या अंगावर चिंधी उरली नव्हती त्यांना. नगरपरिषदेने सूटविरोधी ठराव केला. वर्तमानपत्रांनी खलाशांची पाठ थोपटली. पोरींनाही सोडलं नाही. त्या उंच फुगवलेल्या केसांत पाती लपवतात म्हणे. केशरचना की शस्त्रागार? राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्टबाईंनी मात्र सरळ सांगितलं की याचं मूळ वंशद्वेषात आहे. झालं! ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ला लगेच बाईंच्या बोलण्यात कम्युनिझमचा वास आला.

आता एक बारीकशी अडचण. मार खाणाऱ्यांत कित्येक कृष्णवर्णीय आणि फिलिपिनो पोरंही होती, आणि त्यातल्या अनेकांच्या अंगात झूट सूट नव्हताच. मग फाडलं काय, कोट की कातडी?

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९४४ मध्ये, पोरींसाठी ‘सेव्हन्टीन’ मासिक निघालं. नटण्यामुरडण्याचं वय एकाएकी गोजिरवाणं झालं, जाहिरातदार लाळ घोटू लागले. पोरींनो, नटा, मुरडा, खरेदी करा! फक्त मुखपृष्ठावर झळकायला गोरी असलेली बरी.