खलाशी हजर, कागद रखडलेला

मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते. पर्ससीन जाळ्याने मासे धरणाऱ्यांच्या हातात राज्याच्या सागरी हद्दीत १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढेच चार महिने असतात. त्यातले दिवस वादळाने गेले तर आम्ही समुद्राला बोल लावत नाही. कागदापायी गेले तर मात्र जीव जळतो.

मी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातला नौकामालक. नौका चालवणारा तांडेल आमच्याच वाडीतला, पण जाळं ओढणारे बहुतेक हात नेपाळचे. पर्ससीनच्या नौकेला पंचवीस-तीस माणसं लागतात आणि आमच्या घरची पोरं मुंबईला, नाहीतर आखातात. कैलाली, बर्दियाकडची ही माणसं सीमा ओलांडून, रेल्वे बदलत बदलत इथे पोचतात. पावसच्या आंबाबागांतले राखणदारही त्यांचेच भाऊबंद.

१९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना इथे यायला व्हिसा लागत नाही, कामाचा परवानाही नाही. हे चांगलंच आहे. पण परवाना नाही म्हणून त्यांच्या कागदांना वालीही नाही. पोलीस पडताळणी सांगतात, मत्स्यखातं ओळखपत्र मागतं, बंदरावर खलाशांची यादी द्यावी लागते. गेल्या हंगामात माझे खलाशी नौकेवर येऊन बसले होते, राशन आणि बर्फ भरून झाला होता आणि पडताळणीचा कागद एका टेबलावर पडून होता. कधी मिळेल, एवढंच विचारलं. सांगायला कुणी तयार नव्हतं. त्या दिवसांत उचल, जेवणखाण, बँकेचा हप्ता, काहीच थांबलं नाही.

चौकशी नको असं मी म्हणणार नाही. २६/११ चे हल्लेखोर समुद्रातूनच आले. २०२४ च्या नोव्हेंबरात आमच्याच तालुक्यात, नाखऱ्याच्या चिरेखाणीवर बेकायदा राहणारे बांगलादेशी सापडले. चौकशी व्हायलाच हवी, आणि ती नीट, माणूस समुद्रात जाण्याआधी व्हावी. खलाशी पाण्यात पडून बेपत्ता झाला तर त्याच्या घरी कुणाला कळवायचं, हे त्याच कागदावरून ठरतं. कागद लवकर झाला तर सर्वांत आधी त्याचाच फायदा आहे.

दहावी न झालेला आपला पोरगा कामाला कुवेतला निघाला, की १९८३ च्या कायद्याप्रमाणे त्याला सरकारची मंजुरी लागते. तिथेही घरचे वाट बघून कावतात. पण अर्जाला क्रमांक असतो, कुठे अडकलाय ते कळतं. आपल्याकडे राबायला आलेल्या माणसाला आपण तेवढंही देत नाही.

नेपाळचं नागरिकता प्रमाणपत्र देवनागरीत असतं, कुठलाही हवालदार ते वाचू शकतो. वर्षात १८२ दिवस भारतात राहिलेल्या नेपाळी माणसाला आधार कार्डही मिळू शकतं. आमचे जुने खलाशी ऑगस्ट ते मे इथेच असतात. मार्ग आहेत, ते एका ठिकाणी आणणारं कुणी नाही.

जिल्हाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात, नौका शाकारलेल्या असतानाच, मिरकरवाडा, हर्णै आणि साखरीनाटे इथे पोलीस, मत्स्यखातं आणि आधार केंद्र यांचं एकत्र शिबिर भरवा. उशिरा येणाऱ्यांसाठी ऑगस्टअखेर दुसरं घ्या. दिलेला कागद हंगामभर सगळीकडे चालू द्या. आणि ही पडताळणी २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली आणून तिला मुदत बांधून द्या. खलाशांना वेळेत बोलावून शिबिरात उभं करण्याची जबाबदारी आम्ही नौकामालक घेतो.