"तोच ना, तो ड्रग्जवाला?"

ली सन-ग्युनचं नाव निघालं की हे वाक्य येतंच. आमच्या घरात मावशीपासून भाचीपर्यंत सगळ्या कोरियन मालिकांच्या भक्त, त्यांच्या पंगतीतही ते ऐकलं. चांगली, समजूतदार माणसं हे बोलतात, म्हणून जास्त राग येतो. काय सिद्ध झालं होतं त्याच्यावर? काहीही नाही. आरोपपत्र नाही, खटला नाही, निकाल नाही. तरी लेबल मात्र कायमचं.

ज्यांना तो फक्त 'पॅरासाइट'मधला श्रीमंत मिस्टर पार्क म्हणून आठवतो, त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. जन्म १९७५ चा. नाटक शिकला, रंगभूमीवर आणि टीव्हीवर छोटी-मोठी कामं केली. नाव व्हायला २००७ साल उजाडलं. त्या एकाच वर्षात 'व्हाइट टॉवर'मधला सज्जन डॉक्टर आणि 'कॉफी प्रिन्स'. मग २०१० मध्ये 'पास्ता'मधला खेकसणारा शेफ. चेहरा काही मदनाचा पुतळा नव्हे, पण आवाज! खोल, घुमणारा. २०२० मध्ये 'पॅरासाइट'ला ऑस्कर मिळालं, २०२२ मध्ये 'डॉक्टर ब्रेन'साठी त्याला आंतरराष्ट्रीय एमीचं नामांकन. वीस वर्षांत पायरी-पायरीने चढलेला माणूस.

आणि खाली यायला किती वेळ लागला? ऑक्टोबर २०२३ मध्ये बातम्या फुटल्या, २७ डिसेंबरला तो सोलमध्ये मृतावस्थेत सापडला. अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. मागे अभिनेत्री पत्नी आणि दोन मुलगे.

या सव्वादोन महिन्यांत काय झालं ते नीट बघा. इंचॉनच्या पोलिसांनी त्याला तीनदा चौकशीला बोलावलं. तिन्ही वेळा दारात कॅमेऱ्यांची भिंत, तिन्ही वेळा तो त्यांच्यासमोरून आत गेला. तपासण्यांमध्ये अमली पदार्थ सापडला नाही. आपल्याला फसवलं गेलं आणि वर धमकावून पैसे उकळले, असं त्याचं म्हणणं होतं. तशी तक्रारही त्याने दिली होती. शेवटची चौकशी जवळजवळ एकोणीस तास चालली. त्यानंतर चारच दिवसांत सगळं संपलं. पैसे उकळल्याच्या प्रकरणात दोन स्त्रियांना कोर्टाने तुरुंगवास सुनावला तो डिसेंबर २०२४ मध्ये. म्हणजे तक्रारीत तथ्य होतं हे जगाला कळायला तो गेल्यानंतर एक वर्ष जावं लागलं.

मधल्या काळात केबीएसने, म्हणजे तिथल्या सार्वजनिक वाहिनीने, त्याचं खासगी फोनवरचं संभाषण ऐकवलं. इथे मला राहून राहून 'माय मिस्टर' (२०१८) आठवते. त्यात तो इमारतींची मजबुती तपासणारा इंजिनीअर आहे, आणि त्याला नोकरीतून घालवण्यासाठी एक मुलगी त्याचा फोन चोरून ऐकत असते. पण ऐकता ऐकता तिला तो माणूस कळत जातो, आणि शेवटी तीच त्याच्या बाजूने उभी राहते. मालिका बघून लोक ढसाढसा रडले. पाच वर्षांनी त्याच नटाचा खराखुरा फोन सगळ्या देशाला ऐकवला गेला, तेव्हा चघळायला विषय मिळाला, एवढंच. पडद्यावरच्या माणसासाठी डोळे पुसायचे आणि खऱ्या माणसाला हसायचं, याला काय म्हणायचं?

तुम्ही म्हणाल, कायदा सगळ्यांना सारखा, पोलिसांनी चौकशी करायचीच नाही का? जरूर करावी. कोरियात अमली पदार्थांचे कायदे कडक आहेत, नटाला त्यातून सूट नको. पण चौकशी बंद खोलीत होते. दारातली ती परेड हा चौकशीचा भाग नव्हे, ती शिक्षा आहे आणि तीही निकालाच्या आधीची.

दुसरा मुद्दा ठरलेला असतो: आगीशिवाय धूर निघत नाही. मंडळी, धूर करायला आग लागत नाही, ओलं गवत आणि फुंकणारे पुरतात! इथे फुंकणारे कमी नव्हते. तपासातली माहिती बाहेर कशी गेली याबद्दल पुढे खुद्द पोलिसांचीच चौकशी झाली.

तिसरा मुद्दा असा की, लग्न झालेला माणूस असल्या ठिकाणी गेलाच कशाला? हा प्रश्न विचारायचा अधिकार त्याच्या बायकोचा. माझा नाही, तुमचा नाही, वाहिनीचा तर मुळीच नाही.

१२ जानेवारी २०२४ ला बाँग जून-हो आणि इतर कलावंत सोलमध्ये पत्रकारांसमोर आले आणि त्यांनी पोलिसांना, माध्यमांना रोखठोक प्रश्न विचारले. त्याच वर्षी बुसानच्या चित्रपट महोत्सवाने त्याला मरणोत्तर गौरवलं. चांगलंच झालं. पण गौरव करायला माणूस जाण्याची वाट बघावी लागते, यात कसलं कौतुक?

सगळा दोष पोलिसांवर आणि वाहिन्यांवर ढकलणंही मला पटत नाही. कॅमेरे तिथे उभे होते कारण बघणारे होते. हजारो मैलांवर बसून "ड्रग्जवाला" म्हणणारे आपणही त्याच गर्दीत, फक्त जरा मागच्या रांगेत.

असो. फार जड झालं असेल तर माफ करा. पण 'माय मिस्टर'चे सोळा भाग बघितले नसतील तर जरूर बघा. आणि पुढच्या वेळी त्याचं नाव निघालं, तर त्याला नट म्हणा. तेवढं त्याने नक्कीच कमावलं होतं.