नदीचें ज्ञानगृह : शेतकऱ्यांनीं तें कां मागावें

आमच्या मंडळाच्या ज्या सभासदांची जमीन कृष्णाकाठीं किंवा कोयनाकाठीं आहे, त्यांस आपल्या शेताची हद्द, आकार, मगदूर, विहीर आणि बांधावरचीं झाडें हें सर्व तोंडपाठ असतें. ज्यांस नसेल त्यांस तें सात-बाराच्या उताऱ्यावर व आकारबंदांत वाचावयास मिळतें. परंतु ज्या नदीच्या पाण्यावर हा सगळा संसार चालला आहे, तिच्या पोटांत काय आहे याचा उतारा कोणत्याहि दप्तरांत सांपडावयाचा नाहीं. आमची सारी नोकरी महसुलाच्या दप्तरांत गेली, म्हणून हें आम्ही खात्रीनें सांगूं शकतों. गांवच्या नकाशावर नदी म्हणजे दोन रेघा व त्यांच्या मधली मोकळी जागा. तिला भूमापन क्रमांक नाहीं, आकार नाहीं, खातेदार नाहीं. १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमाप्रमाणें तिचें पात्र सरकारचें, एवढेंच काय तें तिच्याविषयीं लिहिलेलें आहे. आणि जें लिहिलेलें नसतें तें नाहींसें झालें तरी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं, हा दप्तरांतला नित्याचा अनुभव आहे.

ही उणीव भरून काढण्यास गोड्या पाण्यांतील जीवसृष्टीचें एक सार्वजनिक शिक्षणगृह आपल्या खोऱ्यांत असावें, प्रारंभीं तें कऱ्हाडास कृष्णा-कोयनेच्या संगमाजवळ उघडावें, आणि त्याची मागणी शहरांतील हौशी मंडळींनीं नव्हे तर शेतकऱ्यांनीं करावी, असें आमचें मत आहे. तें कां, तें येथें क्रमानें मांडतों.

प्रथम नदींतील जीव आपलें कोणतें काम करतात तें पाहूं. वाळूंत अर्धा रुतून बसलेला शिंपला आपण पायानें बाजूस सारतों. पण तो दिवसभर पाणी आंत ओढून, त्यांतील सूक्ष्म शेवाळ व गाळाचे कण खाऊन, निवळलेलें पाणी बाहेर टाकीत असतो. ह्या शिंपल्याचीं पिलें जन्मल्यावर कांहीं काळ माशाच्या कल्ल्यांस किंवा परांस चिकटून राहतात आणि मग तळाशीं पडून स्वतंत्र वाढतात. म्हणजे मासा गेला कीं त्याच्या पाठोपाठ शिंपलाहि जाणार, व पाणी गाळण्याचें फुकटचें काम बंद पडणार. भातखाचरावर घिरट्या घालणारा चतुर आपल्या ओळखीचा आहे. परंतु त्याचें बालपण पाण्यांत जातें आणि त्या वयांत तो डांसांच्या अळ्या खातो, हें किती जणांस ठाऊक असेल? नदींतील कासवें मेलेलें व सडलेलें खाऊन पाणी स्वच्छ राखण्यास हातभार लावतात. दक्षिणेच्या नद्यांतील लीथचें मऊ पाठीचें कासव आज जगांतून नाहींसें होण्याच्या अगदीं काठावर असलेल्या प्राण्यांच्या यादींत आहे. आपल्या गांवच्या डोहांत तें आहे कीं नाहीं, हें सांगणारा मनुष्य गांवांत नाहीं.

दुसरी गोष्ट थेट आपल्या विहिरीची व घागरीची आहे. पंचवीस अंश उष्णतेच्या एक लिटर स्वच्छ पाण्यांत सुमारें ८ मिलिग्रॅम प्राणवायु विरघळतो. पाणी तापत जाईल तसें हें प्रमाण उतरतें. मासे जगण्यास तें निदान ४ व स्नानास योग्य पाण्यांत निदान ५ मिलिग्रॅम असावें, असें केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचें मान आहे. साखर कारखान्याची किंवा मद्यार्कशाळेची मळी, अगर शहराचें सांडपाणी, उन्हाळ्यांत आटलेल्या पात्रांत आलें म्हणजे तें कुजविणारे जंतु पाण्यांतला प्राणवायु खाऊन टाकतात आणि मासे गुदमरून वर तरंगूं लागतात. मग वर्तमानपत्रांत बातमी येते, पंचनामा होतो, आणि पाऊस पडला कीं सर्व विसरलें जातें. परंतु मासा मरतो त्याच्या पुष्कळ आधीं नदीनें सूचना दिलेली असते. वाहत्या पाण्यांतला दगड उलटा करून पाहावा. शेपटीस दोन-तीन केसांसारखे तंतू असलेले मेफ्लायचे बाल्यावस्थेंतील किडे त्याच्या खालच्या अंगास चिकटलेले दिसले तर पाण्यांत प्राणवायु भरपूर आहे असें समजावें. ते नाहींसे होऊन चिखलांत केवळ तांबड्या अळ्या वळवळतांना दिसल्या तर पाणी बिघडलें. ही परीक्षा शाळेंतला मुलगा करूं शकतो व तिला खर्च नाहीं. मात्र ती कोणीतरी एकदां समक्ष दाखवावी लागते.

वाळूचेंहि तसेंच आहे. पात्रांतील वाळू खरवडून नेली म्हणजे अंडीं घालण्याच्या माशांच्या जागा जातात, ही मासेमारांची तक्रार असें समजून आपण स्वस्थ बसतों. पण पात्राचा तळ खालीं गेला कीं काठच्या विहिरींचें पाणीहि त्याच्याबरोबर खालीं जातें. वाळूचा पैसा एकाच्या खिशांत आणि विहिरीच्या खोदाईचा खर्च दुसऱ्याच्या माथीं, असा हा हिशेब आहे.

येथें आपल्याहि पदरांत थोडें माप घातलें पाहिजे. सर्व दोष कारखान्यांचा व शहरांचा असें म्हणून शेतकऱ्यास मोकळें होतां येणार नाहीं. सायपरमेथ्रिनसारखीं कीटकनाशकें माशांस व पाण्यांतील किड्यांस अत्यंत विषारी आहेत, आणि आपण फवारणीचा पंप ओढ्यावरच धुतों. उसास गरजेपेक्षां अधिक टाकलेला युरिया पावसाबरोबर नाल्यांत उतरतो व पुढें जलपर्णीचें खत होतो. हें कोणी जाणूनबुजून करतो असें नाहीं. ओढ्याच्या पाण्यांत काय जगतें हेंच ज्यास दिसलें नाहीं, त्यास तेथें काय मेलें तें कसें दिसावें?

कोणी म्हणेल, ज्ञान पुस्तकांत आहे, तें वाचावें. ज्ञान आहे हें खरें; पण तें कोठें आहे तें पाहा. मुंबई सरकारसाठीं दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करणारे कर्नल साइक्स यांनीं आपल्या नद्यांतील माशांचीं वर्णनें १८३९ सालीं प्रसिद्ध केलीं. त्यांनीं पुष्कळ माशांस शास्त्रीय नांवें देतांना आपल्या लोकांच्या तोंडचींच नांवें घेतलीं. खुद्री, कोळस, मुळ्या, शिंगटी हे शब्द आज जगभरच्या प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत आहेत. मुळा-मुठेच्या पाण्यांतल्या महाशीर माशाचें शास्त्रीय नांव अद्याप खुद्री असेंच चालतें. म्हणजे हें ज्ञान मुळांत आपल्या भोई-कोळ्यांचें. तें लंडनच्या ग्रंथांत नीट जपून ठेवलें गेलें आणि ज्या काठावरून गेलें त्या काठावर मात्र विसरलें गेलें. १९४७ सालीं गोड्या पाण्यांतील मत्स्यव्यवसायाची मध्यवर्ती संशोधनसंस्था निघाली. डॉ. हिरालाल चौधरी यांनीं १९५७ सालीं ओरिसांत अंगुल येथें पोषग्रंथीचा अर्क टोंचून माशांकडून अंडीं घालविण्याची युक्ति साधली, आणि त्यामुळेंच आज कटला-रोहूचें बीज आपल्या शेततळ्यापर्यंत येतें. जें ज्ञान बियाण्याच्या रूपानें आलें तें आपण घेतलें. नदीच्या स्वतःच्या जीवांचें ज्ञान आणून देणारा कोणी निघाला नाहीं.

अर्धवट ज्ञानानें केलेलें पुण्यकर्महि कसें अंगलट येतें, याचा एक दाखला लक्षांत ठेवण्याजोगा आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथें टाटांच्या वीज कंपनीनें गेल्या शतकाच्या आठव्या दशकापासून महाशीरचीं पिलें तयार करण्याचें मोठें काम केलें व तीं अनेक प्रांतांस पुरविलीं. कार्य स्तुत्यच होतें. परंतु तीं पिलें कावेरींतहि सोडलीं गेलीं, आणि तेथें मूळची जी कुबडी महाशीर होती तिची जागा ह्या पाहुण्यांनीं घेतली, असें अभ्यासकांस आढळून आलें. ती कुबडी महाशीर २०१८ पासून अत्यंत संकटग्रस्त म्हणून नोंदली गेली आहे. आपल्या इकडे तर याहून अविचार आहे. आफ्रिकेचा चिलापी मासा १९५२ सालीं देशांत आणला गेला, तो आज जिकडे तिकडे माजला आहे. विदेशी मांगूर पाळण्यास सरकारनें २००० सालीं मनाई केली, तरी तो चोरून पाळला जातोच. पुढाऱ्याच्या वाढदिवशीं घमेलेंभर मत्स्यबीज नदींत ओतून छायाचित्र काढण्याची चाल पडली आहे. त्या घमेल्यांत कोणती जात आहे हें विचारणारा एक तरी मनुष्य काठावर उभा असावा, एवढ्यासाठींच आम्हांस हें शिक्षणगृह हवें आहे.

आतां तें कसें असावें? रंगीत दिवे व परदेशी मासे मांडलेलें तमाशाचें मत्स्यालय आम्हांस नको. नदीचें पाणी आंत घेऊन पुन्हा नदींतच जाईल अशीं चार-सहा मोठीं टांकीं असावींत व त्यांत केवळ ह्याच खोऱ्यांतले मासे, शिंपले व खेकडे असावेत. मुलांनीं स्वतः दगड उलटे करावेत म्हणून एक उथळ वाहता पाट असावा, व त्याशेजारीं पांच-सात सूक्ष्मदर्शक यंत्रें असावींत. भिंतीवर साऱ्या खोऱ्याचा मोठा नकाशा असावा. त्यांत धरणें, बंधारे, डोह आणि सांडपाणी नदीस मिळण्याची प्रत्येक जागा न चुकतां दाखवावी. दारापाशीं फळा असावा व त्यावर दर आठवड्यास पाण्याचा प्राणवायु व उष्णता लिहिली जावी. शिकविणारे पदवीधर अवश्य असावेत. पण त्यांच्या बरोबरीनें, वेतन घेऊन, जुने भोई व कोळी असावेत. कोणता मासा कोणत्या नक्षत्रावर प्रवाहाविरुद्ध चढतो, हें त्यांच्याइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक आहे?

ह्या योजनेवर तीन आक्षेप येतील. पहिला असा कीं, उसाच्या दराची भ्रांत असतां मासे दाखविण्यावर पैसा कशाला? उत्तर सोपें आहे. नव्या बियाण्यावर आपला विश्वास पत्रक वाचून बसला नाहीं. शेजारच्या नमुन्याच्या शेतांत पीक उभें पाहिलें तेव्हां बसला. त्या नमुन्याच्या शेतांवर झालेला खर्च कोणी वायां गेला म्हणत नाहीं. नदीचें नमुन्याचें शेत तेवढें अद्याप कोणी केलें नाहीं. शिवाय नवी इमारतच पाहिजे असें नाहीं; सरकारी खात्यांचे ओस पडलेले बंगले नदीकाठीं थोडे नाहींत.

दुसरा आक्षेप मगरींचा. भिलवडी-औदुंबरच्या बाजूस कृष्णेंत मगरी आहेत, त्यांनीं माणसांवर हल्ले केले आहेत, आणि पहाटे मोटार चालू करावयास शेतकऱ्यासच काठावर जावें लागतें. अशा लोकांस नदींतले जीव वांचवा असें सांगणें ही थट्टा नव्हे काय? आमच्या मतें भय आहे म्हणूनच शिक्षण हवें. मगरीस १९७२ च्या कायद्याचें संरक्षण आहे. तिला मारतां येत नाहीं. मग ती कोठें ऊन खाते, घरटें कधीं करते व त्या दिवसांत कोणत्या घाटावर उतरूं नये, हें गांवोगांव सांगणारी जागा असणें यापरता दुसरा उपाय नाहीं.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलणार नाहीं, पण खरा अडसर तोच आहे. नकाशावर सांडपाण्याच्या जागा दाखवूं लागलों तर आपल्याच सहकारी कारखान्याचें नांव त्यांत निघेल, आणि भागधारक तर आपणच! याचकरितां आम्ही असें सुचवितों कीं, कारखान्यांनीं व नगरपालिकांनीं ह्या कार्यास द्रव्य द्यावें, तें कृतज्ञतेनें घ्यावें. मात्र जे नदींत पाणी सोडतात त्यांचा प्रतिनिधि शिक्षणगृहाच्या कारभारी मंडळांत नसावा व फळ्यावरचा आंकडा पुसण्याचा अधिकार कोणासहि नसावा. एवढी एक अट सुटली तर इमारत राहील आणि शिक्षण जाईल. भागधारक म्हणून मिळणारा लाभांश वर्षांतून एकदां हातीं येतो. काठच्या विहिरीचें पाणी घरांतलीं लेंकरें रोज पितात, हें मत देतांना आठवावें.

कायद्याचा आधारहि आपल्या हातीं आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वयें प्रत्येक ग्रामपंचायतीनें जैवविविधता समिति नेमावयाची व गांवच्या जीवसृष्टीची लोकनोंदवही ठेवावयाची आहे. पुष्कळ ठिकाणीं ही नोंदवही पेटींत बंद आहे व तिच्यांतलीं नदीचीं पानें कोरीं आहेत. शिक्षणगृहांत शिकून आलेले दोन तरुण प्रत्येक गांवांत असतील तर हीं पानें भरतील. मग नदीचाहि एक उतारा होईल आणि नुकसानीच्या वेळीं पंचनाम्यास तो पुरावा म्हणून पुढें ठेवतां येईल.

लोकांची आस्था नाहीं असें मात्र कोणीं म्हणूं नये. महाड तालुक्यांत काळ नदीच्या वाळणकोंडींत वरदायिनी देवीचे म्हणून महाशीर मासे आजहि कोणी धरीत नाहीं. देवीच्या धाकानें एक डोह राखला गेला. बाकीचे डोह राखावयाचे तर त्यास आतां ज्ञानाची जोड दिली पाहिजे.

यासाठीं आमची सूचना अशी आहे. मंडळाच्या येत्या वार्षिक सभेंत शिक्षणगृहाच्या मागणीचा ठराव मांडावा. तो सरकारकडे पाठवितांना रिकाम्या सरकारी इमारतींची यादी सोबत जोडावी, व पहिल्या टांक्याच्या खर्चासाठीं मंडळानें आपल्या शिलकेंतून कांहीं रक्कम वेगळी काढावी. कारण रिकाम्या हातानें केलेल्या अर्जावर काय शेरा पडतो तें आम्ही पुष्कळ पाहिलें आहे. तोंपर्यंत प्रत्येक सभासदानें एवढें तरी करावें कीं, फवारणीचा पंप ओढ्यावर धुऊं नये. आणि मृगापूर्वीं एके सकाळीं आपल्या मुलास घेऊन नदीवर जावें, उथळ जागेंतले दहा दगड उलटे करून पाहावेत, व त्याखालीं काय दिसलें आणि काय दिसलें नाहीं तें गांवच्या समितीस लिहून द्यावें.