पान पिवळं पडलं की युरिया?

सभासद बंधूंनो, उसाचं पान पिवळं दिसलं रे दिसलं, की विश्रामबागला जाऊन युरियाचं पोतं आणायचं, ही आपली रीत आम्हांस पटत नाही. आधी कोणतं पान पिवळं पडलंय ते तरी बघा!

खालची जुनी पानं पिवळी पडत असतील तर नत्र कमी. तिथं युरिया कामाचा. पण शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर तो केवडा. चुनखडीच्या रानात लोह असतं, पण मुळाला मिळत नाही. लिटरला ५ ग्रॅम हिराकस फवारावं. लागणीला एकरी १० किलो शेणखतात मुरवून द्यावं. बांधावरच्या डांगराच्या वेलालाही खूण हीच, पान मोठं म्हणून लवकर दिसते. पानाची मधली शीरच खालून पिवळी असेल तर मात्र विषाणूचा संशय धरावा. त्याला औषध नाही. ते बेणं पुन्हा लावू नका.

आणि खरं दुखणं पाण्याचं. पाटाला पाणी आहे ना, मग सोडा! मूळ गुदमरतं, पान पिवळं पडतं, वर पुन्हा युरिया. मिरज, पलूस, वाळवा तालुक्यांतली किती काळी रानं अशी क्षारपड झाली, हे आपण रोज बघतो. निचऱ्याची चर एकट्याला झेपत नाही, पाणी शेजाऱ्याच्या रानातूनच काढावं लागतं. तेव्हा गटवार चरींचं काम कारखान्यानं हाती घ्यावं, आणि वार्षिक सभेत तो विषय सभासदांनीच मांडावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.