श्रोत्याची आवड आणि तिचे अर्थकारण

पाथर्डी वा शेवगावकडून कारखान्याच्या तळावर आलेला ऊसतोड मजूर पहाटे फडात उतरतो, तेव्हा त्याच्या खिशातील मोबाइलमधून कोणाचा तरी आवाज चालू असतो. पारनेरच्या कांदाचाळीत कांदा निवडणाऱ्या स्त्रियांचेही तेच. एकीला कीर्तन हवे असते, दुसरीला गुन्ह्याची कथा, तिसरीला प्रकृतीविषयीचा सल्ला. हात कामात गुंतलेले आणि कान मोकळे, ही श्रमिकांची जुनीच अवस्था आहे. जात्यावरच्या ओव्या तिच्यातूनच जन्मल्या. पण ओवी म्हणणारी आणि ऐकणारी एकाच जात्याला बसलेल्या असत. आता आवाज दुरून येतो आणि प्रत्येक कानाला निराळा येतो. या प्रकाराला इंग्रजीत २००४ साली ‘पॉडकास्ट’ हे नाव मिळाले व तेच मराठीतही रुळले.

श्रोता इतका स्वतंत्र पूर्वी कधीच नव्हता, असे या व्यवसायाचे समर्थक सांगतात. जे हवे ते, हवे तेव्हा, हवे तितका वेळ. अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात ग्राहकाचे सार्वभौमत्व म्हणून जे शिकविले जाते, त्याचेच हे श्राव्य रूप. या सिद्धान्ताला गॅलब्रेथ यांनी १९५८ साली ‘द अॅफ्लुएंट सोसायटी’ या ग्रंथात धक्का दिला होता. जी व्यवस्था गरज भागविते तीच गरज निर्माणही करीत असेल, तर गरज भागविल्याचे श्रेय तिला कसे द्यावे, हा त्यांचा प्रश्न होता. १९६१ मध्ये हायेक यांनी त्याचे उत्तर दिले: संगीताची वा साहित्याची आवड कोणीही जन्मतः घेऊन येत नाही, ती शिकावीच लागते, म्हणून ती कमी मोलाची ठरत नाही. समाजवाद्यांनी हायेक यांच्याकडून क्वचितच काही घ्यावे, पण हा मुद्दा घेण्याजोगा आहे. आवड शिकविली जाते, हे मान्य केले की वाद उरतो तो शिकविणारा कोण, त्याचा खर्च कोण सोसतो आणि शिकणाऱ्याला उलट बोलता येते की नाही, यांविषयीचा.

सरकारने शिक्षकाची भूमिका घेतल्यास काय होते, याचा अनुभव या देशाने घेतला आहे. १९५२ साली नभोवाणीमंत्री झालेले बाळकृष्ण केसकर यांनी चित्रपटगीते हीन अभिरुचीची ठरवून आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केली. श्रोत्यांनी वाद घातला नाही. त्यांनी काटा फिरविला आणि रेडिओ सिलोन लावला. अमीन सायानी यांची ‘बिनाका गीतमाला’ घरोघरी पोहोचली ती याच काळात. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करून सरकारला माघार घ्यावी लागली. शास्त्रीय संगीताचे खरे प्रेम असलेल्या एका विद्वान मंत्र्याच्या हातून हे घडले, ही त्यातली खेदाची बाब. लोकांची अभिरुची फर्मानाने घडत नाही. त्याच सुमारास, १ एप्रिल १९५५ पासून, पुणे केंद्राने गदिमा आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ वर्षभर प्रसारित केले आणि ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता तेही शेजाऱ्याच्या ओसरीवर येऊन बसले. तेथे कोणी कोणावर बंदी घातली नव्हती.

परंतु नगर जिल्ह्याने स्मरावा असा प्रयोग त्याच्या पुढच्या वर्षीचा आहे. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच मराठी जिल्ह्यांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळे चालविली. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर हे ते जिल्हे; गावे सुमारे दीडशे. आठवड्यातून दोनदा, सायंकाळी अर्धा तास कार्यक्रम होई. गावातील पंधरा-वीस जण एकत्र बसून तो ऐकत, मग त्यावर चर्चा करीत, आणि निमंत्रक त्यांचे प्रश्न व आक्षेप लिहून पुण्याला पाठवी. पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरे दिली जात. शेती, जनावरे, आरोग्य, शिक्षण हे विषय.

या प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले आणि युनेस्कोने ते १९५९ मध्ये प्रसिद्ध केले. मंडळे असलेल्या गावांची तुलना दोन प्रकारच्या गावांशी करण्यात आली होती: जेथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते, आणि जेथे रेडिओही नव्हता. मंडळांच्या सभासदांच्या ज्ञानात लक्षणीय वाढ आढळली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती नगण्य होती. आवाज तोच, कार्यक्रम तोच. एका ठिकाणी तो हवेत विरला, दुसरीकडे गावाच्या बोलण्याचा भाग झाला, कारण तेथे ऐकण्याला बोलण्याची जोड होती. माहितीचा महापूर आला म्हणजे लोक आपोआप शहाणे होतात, असे मानणाऱ्यांनी हा निष्कर्ष पुन्हा वाचावा.

अर्थात त्या मंडळांचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. सभासद बहुतांशी पुरुष होते. विषय ठरविणार पुण्याचे अधिकारी. सावकारी वा कूळकायद्याची अंमलबजावणी यांवर गावकीसमोर मोकळेपणाने बोलणे भूमिहीनाला किती शक्य होते, याची कल्पना खेडे जाणणाऱ्याला सहज करता येईल. सामूहिक ऐकणे म्हणजे पुष्कळदा गावातील वजनदार माणसाच्या आवडीचे ऐकणे. म्हणूनच आजच्या कानातल्या तारेला सरसकट दूषण देणे अन्यायाचे ठरेल. सासूसमोर जे लावता येत नाही ते सून स्वयंपाक करता करता ऐकते. पाळीविषयी, कायद्याविषयी, घटस्फोटाविषयी. वस्तीवरचा मुलगा आंबेडकरांवरचे व्याख्यान कोणाची परवानगी न घेता ऐकतो. हे स्वातंत्र्य लहान नव्हे. आणि ऐकण्याची आवड ही चैनही नव्हे. याच नगरच्या किल्ल्यात बंदिवान असताना आचार्य नरेंद्र देव बौद्धदर्शनातील ‘अभिधर्मकोशा’वर काम करीत होते, तर मौलाना आझादांनी १९४३ मध्ये तेथूनच संगीताविषयी आणि स्वतःच्या सतारीच्या छंदाविषयी दीर्घ पत्र लिहिले. देश पेटलेला असतानाही माणसाला आपल्या आवडीचे सूर आठवतात.

प्रश्न आहे तो त्या स्वातंत्र्याच्या मालकीचा. रेडिओच्या लहरींचा एक गुण असा की आणखी एका माणसाने ऐकल्याने खर्च वाढत नाही आणि दुसऱ्याचे ऐकणेही कमी होत नाही. अर्थशास्त्रात अशा वस्तूला सार्वजनिक वस्तू म्हणतात. पॉडकास्ट ऐकणारा मात्र मोबाइलचे पैसे देतो, डेटाचे देतो, आणि वर आपला वेळ जाहिरातदाराला देतो. पुढे काय ऐकावे याची यादी त्याच्यासमोर आपोआप मांडली जाते. ती मांडणाऱ्या यंत्राचा हेतू त्याने अधिक काळ ऐकत राहावे हा असतो. काल गुन्ह्याची कथा ऐकली म्हणून आज तीच, आणि उद्याही तीच. यालाच त्याची ‘आवड’ असे नाव दिले जाते. उलट, संगमनेर-अकोल्याच्या दूधउत्पादकाला फॅट आणि एसएनएफचा दर नेमका कोण व कसा ठरवितो, याची दर आठवड्याला चर्चा ऐकायला आवडेल. पण तिला प्रायोजक कोण मिळणार? मराठी पॉडकास्टांत पुण्या-मुंबईच्या यशस्वी माणसांच्या मुलाखती आणि गुंतवणुकीचे सल्ले विपुल आहेत. नगरी बोलीत, नगरच्या प्रश्नांवर बोलणारा आवाज शोधावा लागतो. जे निर्माणच होत नाही त्याची आवड मोजली जात नाही, आणि मोजली जात नाही म्हणून ते निर्माण होत नाही.

शासनाने या कोंडीतून मार्ग काढायचा, तर तेथेही अडथळा शासनाचाच. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला. २००६ पासून स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ चालविता येऊ लागला. नगरमध्ये ‘स्नेहालय’ने २०११ साली ‘रेडिओ नगर’ सुरू केला. परंतु अशा केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई आहे. द्यायच्या तर आकाशवाणीच्याच, जशाच्या तशा. म्हणजे वंचितांच्या वस्तीत काम करणाऱ्या संस्थेने वस्तीतील नळाला पाणी का नाही, याची बातमी लहरींवरून द्यायची नाही, आणि इंटरनेटवर मात्र कोणीही काहीही बोलावे. १९४२ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला, त्यावरून लोहिया बोलले. त्या आवाजाला परकीय सरकार भ्याले हे समजण्याजोगे होते. स्वतंत्र भारताच्या सरकारांनी, मग ती कोणत्याही पक्षाची असोत, तेच भय जतन का करावे? ही बंदी उठविण्याची मागणी पक्षाने संसदेत आणि बाहेर सातत्याने केली पाहिजे.

त्यासाठी थांबून राहण्याचे मात्र कारण नाही. जाहिरातीवाचून श्राव्य ठेवा सर्वांना खुला करता येतो, हे हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी जमविलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांनी दाखविले आहे. ‘परी’ या ग्रामीण वार्तासंग्रहाने २०१७ पासून त्या इंटरनेटवर आणल्या. आकाशवाणीने आपल्या मराठी केंद्रांचे जुने ध्वनिमुद्रण असेच विनामूल्य उतरवून घेता येईल असे ठेवावे. त्याचा खर्च जनतेने पूर्वीच दिलेला आहे.

आणि जिल्ह्यातील सार्वजनिक वाचनालयांनी आठवड्यातून एक संध्याकाळ श्रवणासाठी राखावी. एक मोबाइल, एक लहान ध्वनिवर्धक आणि एक वही, एवढी सामग्री पुरे. काय ऐकायचे ते आळीपाळीने ठरवावे. एका आठवड्यात कांदा निवडणाऱ्या स्त्रियांनी, पुढच्या आठवड्यात दूधवाल्यांनी, त्यानंतर महाविद्यालयातील मुलांनी. बैठकीची वेळ स्त्रियांना सोयीची असावी, सात वाजता नव्हे. वहीतील प्रश्न त्या पॉडकास्टच्या कर्त्याला आणि आकाशवाणीच्या अहिल्यानगर केंद्राला पाठवावेत. उत्तर आले तर पुढच्या बैठकीत वाचून दाखवावे, आणि आले नाही तर तेही तारखेसह वहीत नोंदवावे.