भरलेला ग्रुप, रिकामा वर्ग

शेगावचे रेल्वेस्थानक मागे टाकून उत्तरेच्या रस्त्याने पूर्णा ओलांडली की संग्रामपूर तालुका लागतो. वरवट बकाल हे त्या तालुक्यातील बाजाराचे गाव. आसपासच्या खेड्यांतील मुले-मुली सकाळी एस.टी.ने किंवा मिळेल त्या वाहनाने येथे येतात. कोणी महाविद्यालयात जातात, कोणी पुढे शेगाव-जळगावकडे. परंतु कापूस वेचणीचे दिवस आले, की वर्गातील बाके ओस पडू लागतात. ही गोष्ट नवी नाही. घरच्या शेतात मजूर मिळत नसेल तर शिकणाऱ्या मुलानेच ओटी बांधली पाहिजे, हा या भागातील अलिखित नियमच आहे. नवे आहे ते एवढेच, की वर्गात पंधरा विद्यार्थी बसलेले असताना त्याच वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकशेवीस विद्यार्थी हजर असतात, आणि शिक्षकाने पाठवलेल्या नोट्स त्या एकशेवीसांपर्यंत पोहोचल्याच्या निळ्या खुणा उमटतात. मग वर्ग ओस पडला म्हणून खंत करण्याचे कारण काय, असा प्रश्न आता उघडपणे विचारला जाऊ लागला आहे. विचारणाऱ्यांत विद्यार्थी आहेत, पालक आहेत आणि काही शिक्षकही आहेत.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. २०२० च्या मार्च महिन्यात महाविद्यालयांची दारे बंद झाली तेव्हा खेड्यातील विद्यार्थी आणि त्याचा शिक्षक यांच्यामध्ये उरलेला एकमेव धागा हा मोबाइलवरील ग्रुपच होता. त्यापूर्वीच्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, देशाच्या ग्रामीण भागातील अवघ्या ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक आढळला होता आणि इंटरनेटची सोय असलेली कुटुंबे १४.९ टक्के होती. नागरी भागात हेच आकडे २३.४ आणि ४२ टक्के होते. महानगरांतील महाविद्यालये संगणकाच्या पडद्यावर वर्ग भरवीत होती, तेव्हा खेड्यातल्या शिक्षकाने हाताने लिहिलेल्या टिपणांची छायाचित्रे आणि दहा-दहा मिनिटांचे ध्वनिमुद्रित पाठ पाठवून वेळ निभावली. ज्यांनी आयुष्यभर खडू आणि फळा यांखेरीज दुसरे साधन हाती धरले नव्हते, अशा पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकांनी हे केले. त्या कामाची म्हणावी तशी नोंद कोणी घेतली नाही.

तथापि संकटकाळातील उपाय संकट सरल्यावरही तसाच चालू राहिला, तर तो कशाची जागा घेत आहे हे तपासावे लागते. महाविद्यालये पुन्हा उघडली, परंतु ग्रुप मिटले नाहीत. उलट प्रत्येक विषयाला, प्रत्येक वर्षाला, शिष्यवृत्तीला आणि परीक्षेला एकेक ग्रुप झाला. प्रारंभी त्यांवर विद्यार्थीही बोलत. मग सुप्रभातीची फुले आली, वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या, कोणा पुढाऱ्याची छायाचित्रे आली, एखादे भांडणही झाले. त्रासलेल्या शिक्षकाने अखेर ती कळ दाबली, जी या कंपनीने २०१८ मध्ये उपलब्ध करून दिली होती: यापुढे फक्त अ‍ॅडमिनच संदेश पाठवू शकेल. ग्रुप शांत झाला. त्याच क्षणी त्याचा वर्ग असण्याचा दावाही संपला, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही. बहुतेक महाविद्यालयीन ग्रुप आज सूचनाफलक आहेत. परीक्षेचे वेळापत्रक, अर्ज भरण्याची मुदत, टिपणांची पीडीएफ आणि सत्राच्या शेवटी 'महत्त्वाचे प्रश्न'. पूर्वी जे गाइड दुकानातून विकत आणावे लागे, ते आता शिक्षकाच्या हातूनच फुकट मिळते. फरक असलाच तर इतकाच.

सांगणे एकतर्फी झाले म्हणजे शिकणे किती उरते, याची परीक्षा महाराष्ट्रात एकदा शास्त्रशुद्ध रीतीने झालेली आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पुण्याच्या आसपासच्या पाच जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत, रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा याप्रमाणे दहा आठवडे, एकूण वीस कार्यक्रम मराठीतून प्रसारित झाले. प्रत्येक गावात वीसेक जणांचे मंडळ रेडिओभोवती बसे, ऐके, आणि कार्यक्रम संपल्यावर रेडिओ बंद करून त्या विषयावर आपसांत चर्चा करी. मंडळात निघालेल्या शंका केंद्राकडे कळवल्या जात. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे मूल्यमापनाचे काम होते व पॉल न्यूरॅथ या समाजशास्त्रज्ञाने ते पार पाडले. त्यांनी तुलनेसाठी दोन प्रकारची गावे घेतली होती: जेथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते अशी, आणि जेथे रेडिओही नव्हता अशी. मंडळांच्या गावांतील शेतकऱ्यांच्या ज्ञानात ठळक भर पडली. नुसता रेडिओ असलेल्या गावांची प्रगती मात्र अगदीच बेताची निघाली. ध्वनिलहरी सर्वांच्या कानी पडल्या होत्या. शिकले ते ज्यांनी नंतर एकमेकांशी वाद घातला ते.

या प्रयोगाचा धडा पुढे दिल्लीने लक्षात ठेवला नाही. १९८४ च्या १५ ऑगस्टला विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर देशव्यापी वर्ग सुरू केला. कार्यक्रमांची निर्मिती चांगली होती. पण भाषा प्रामुख्याने इंग्रजी, वेळ सर्वांनी आपापल्या कामात असण्याची, आणि पडद्याला प्रश्न विचारण्याची सोय नाही. २०१७ मध्ये आलेल्या 'स्वयम्'वर नामवंत प्राध्यापकांचे अभ्यासक्रम आहेत, परंतु त्यांतले मराठीत किती, हे वरवट बकालच्या मुलाला विचारावे. सामाजिक माध्यमांकडे पाहण्याची शासनाची दृष्टी तर याहून निराळी निघाली. २०१९ च्या जुलैत केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने उच्च शिक्षणसंस्थांना पत्र पाठवून फेसबुक, ट्विटर व इन्स्टाग्रामवर खाती उघडण्यास, त्यांसाठी एकेक 'सोशल मीडिया चॅम्पियन' नेमण्यास आणि विद्यार्थ्यांची खाती संस्थेच्या खात्याशी जोडण्यास सांगितले. संस्थेची चांगली कामे जगापुढे यावीत, हा हेतू सांगितला गेला. पाळत ठेवण्याची शंका अनेकांनी घेतली व मंत्रालयाला खुलासा करावा लागला. पाळतीचा मुद्दा बाजूला ठेवला, तरी शिक्षणखात्याला हे माध्यम जाहिरातीचे वाटले, अध्यापनाचे नव्हे, एवढे त्या पत्रावरून स्पष्ट होते.

वस्तुतः अध्यापनासाठी या माध्यमाचा खरा उपयोग टिपणे वाटण्यात नसून माहिती गोळा करण्यात आहे, आणि अर्थशास्त्रासारख्या विषयात तर तो फार मोठा आहे. किंमतनिश्चिती शिकवताना पाठ्यपुस्तकात अद्यापही काल्पनिक वस्तू येते आणि काल्पनिक ग्राहक येतो. वरवट बकालच्या वर्गात बसलेली मुले तीस-चाळीस गावांतून येतात आणि जवळजवळ प्रत्येकाच्या घरी सोयाबीन, तूर किंवा कापूस असतो. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. विदर्भातील बाजारांत प्रत्यक्ष भाव त्याच्या बराच खाली होता, आणि सरकारी खरेदीसाठी असलेली १२ टक्के ओलाव्याची अट नोव्हेंबरात १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करावी लागली. अशा वेळी प्रत्येक विद्यार्थ्याने दर शनिवारी आपल्या गावच्या व्यापाऱ्याने दिलेला भाव, त्याने सांगितलेला ओलावा, कापलेली हमाली, तोलाई आणि कडता, एवढे पाच आकडे ग्रुपवर टाकले तर दोन महिन्यांत असा तक्ता तयार होतो, जो कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळणार नाही. खामगावच्या बाजार समितीतील भाव आणि पूर्णेच्या काठावरील एखाद्या गावातील भाव यांत अंतर का पडते? ते सर्व अंतर वाहतूकखर्चाचेच असते काय? रस्ता वाईट असलेल्या गावात ते वाढते काय? उधारीवर बियाणे घेतलेल्या शेतकऱ्याला व्यापारी निराळा भाव देतो काय? अपूर्ण स्पर्धा हा धडा असा शिकवला, तर तो परीक्षेनंतर विसरला जाणार नाही.

हेच पाण्याबाबत करता येईल. संग्रामपूर तालुक्याचा मोठा भाग पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात येतो. विहिरीचे पाणी पिण्याजोगे नाही म्हणून घरोघरी जार येतो. मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबाच्या महिन्याच्या खर्चात त्या जारचा वाटा किती, हे विद्यार्थ्यांनी आपापल्या घरून आणि शेजारून विचारून लिहावे. कापूस वेचणीसाठी घरी राहिलेला विद्यार्थीही या कामात शेतातून भाग घेऊ शकतो. किंबहुना त्या आठवड्यात वेचणीचा किलोमागचा दर त्याच्याइतका अचूक दुसरा कोणी सांगू शकणार नाही. गैरहजर मुलाला येथे नुसती टिपणे मिळत नाहीत, तर त्याच्याकडून वर्गाला काही मिळते. परंतु ह्या आकड्यांचा अर्थ लावणे ग्रुपवर होत नाही. तक्ता फळ्यावर मांडावा लागतो, चुकलेला आकडा हुडकावा लागतो, 'तुझ्या गावी इतका भाव कसा?' असे तोंडावर विचारावे लागते. म्हणजे पुण्याच्या मंडळांसारखी बैठक शेवटी वर्गातच भरते. जो वेचणीमुळे त्या दिवशी येऊ शकला नाही, त्याला निदान आपल्या आकड्याचे काय झाले हे पाहण्यासाठी पुढच्या सोमवारी यावेसे वाटेल.

प्रश्न कोण विचारतो, हाही एक पेच आहे. भरल्या वर्गात हात वर न करणारी मुलगी मोबाइलवर मोकळेपणाने लिहील, असे तर्काने वाटते. पण खेड्यात मोबाइल बहुधा तिचा नसतो; तो भावाचा किंवा वडिलांचा असतो व रात्री नऊनंतर तिच्या हाती येतो. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपच्या साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा क्रमांक प्रत्येकाला दिसतो. मुलीचा क्रमांक शंभर मुलांकडे गेला, या एका कारणावरून तिला ग्रुपमधून बाहेर पडायला लावणारे वडील आहेत, आणि त्यांची काळजी अनाठायी आहे असे कोणी म्हणू नये. टेलिग्रामवर क्रमांक लपवता येतो. तेवढ्या एका कारणासाठीही महाविद्यालयाने साधनाची निवड नीट विचार करून करावयास हवी होती. प्रत्यक्षात निवड झाली ती, सर्वांकडे आधीच होते त्याची.

फुकट मिळणाऱ्या वस्तूचा खर्च कोण भरतो, हा अर्थशास्त्राचा पहिला प्रश्न येथेही विचारला पाहिजे. २०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सअ‍ॅप १९ अब्ज डॉलर देऊन खरेदी करण्याचे ठरवले, तेव्हा तिच्या ताब्यात येणारी मुख्य मालमत्ता होती कोट्यवधी माणसांची त्यावर रमण्याची सवय. हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच दाखवून दिले होते की माहितीची विपुलता झाली म्हणजे अवधानाचे दुर्भिक्ष होते. माहिती माणसाचे लक्ष खाऊन टाकते. सीमान्त उपयोगितेची पीडीएफ उघडण्यासाठी हातात घेतलेला मोबाइल पाच मिनिटांत चित्रफितींकडे वळतो, यात त्या विद्यार्थ्याच्या चारित्र्याचा दोष शोधण्यात अर्थ नाही. दुसरी गोष्ट नोंदीची. शिक्षक बदलला, निवृत्त झाला किंवा त्याचा मोबाइल हरवला, की तीन वर्षांची टिपणे, प्रश्न आणि उत्तरे त्याच्याबरोबर जातात. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात त्यांचा मागमूस राहत नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या प्राध्यापकाची हस्तलिखित टिपणे आजही कपाटात सापडतात. कालच्या ग्रुपवरचे सारे उद्या सापडेलच असे नाही. सत्राच्या अखेरीस ग्रुपवरील उपयुक्त मजकूर छापून त्याची बांधीव प्रत ग्रंथालयात ठेवणे, याला शे-दोनशे रुपयांपलीकडे खर्च नाही.

अडचण आहे ती मनुष्यबळाची, आणि तेथेच या सर्व विचाराची कसोटी लागते. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत पाच जिल्हे येतात आणि त्यांच्या कडेच्या तालुक्यांतील महाविद्यालयांत अनेक विषयांचा भार तासिका तत्त्वावरील शिक्षकांवर आहे. नोट्स मोबाइलवर जातातच, मग पद भरण्याची निकड काय, असा हिशेब करण्याचा मोह संस्थाचालकांना आणि शासनालाही होऊ शकतो. ग्रुप हा शिक्षकाचा पर्याय ठरवला गेला, तर सर्वांत आधी पदे जातील ती अशाच गावांतली, पुण्या-मुंबईची नव्हेत. उलट, ग्रुप खुला ठेवून विद्यार्थ्यांच्या शंकांना उत्तरे द्यायची तर शिक्षकाचे काम वाढते. रात्री साडेनऊला आलेल्या प्रश्नाला उत्तर देण्यास लागलेला अर्धा तास कोणत्याही वेळापत्रकात नाही. पूर्णवेळ प्राध्यापक तो पगारातून सोसू शकेल. तासावर मोबदला घेणाऱ्या तरुण शिक्षकाने तो का सोसावा?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना आली असून तीत अंतर्गत मूल्यमापनाला स्थान आहे. अभ्यासमंडळांनी त्यातील काही गुण विद्यार्थ्याने गोळा केलेल्या स्थानिक माहितीसाठी आणि त्याने विचारलेल्या प्रश्नांसाठी राखून ठेवावेत. आठवड्यातील एक ठरलेला तास, समजा शनिवारी सायंकाळचा, ग्रुप सर्वांसाठी खुला राहण्याचा असावा. तो शिक्षकाच्या कार्यभारात एक तासिका म्हणून मोजला जावा आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकालाही त्याचा मोबदला त्याच दराने मिळावा.